घरच्या घरी शुद्धलेखन

दिवेलागणीची वेळ आहे. ओसरीवर चौथीत शिकणारी एक मुलगी वही उघडून बसली आहे. शाळेतून तपासून आलेल्या श्रुतलेखनात सात शब्दांखाली लाल रेघा आहेत आणि प्रत्येक शब्द दहा वेळा लिहून आणावा, अशी सूचना आहे. मुलगी पहिला शब्द एकाखाली एक लिहू लागते. पाचव्या ओळीनंतर तिचे लक्ष शब्दावर राहत नाही. आधी सर्व ओळींत पहिले अक्षर, मग सर्व ओळींत दुसरे, असे उभे रकाने ती भरून काढते. सत्तर शब्द पुरे होतात. आई चुलीपाशी आहे. तिला लिहितावाचता येत नाही. त्यामुळे या कामात आपला काही उपयोग नाही, असे तिने धरून ठेवले आहे. पुढच्या आठवड्याच्या श्रुतलेखनात त्या सातांपैकी चार शब्द पुन्हा चुकतात.

हे चित्र महाराष्ट्रातील कोणत्याही खेड्यात किंवा शहरातील चाळीत दिसू शकेल. त्यात मुलीचा आळस नाही, शिक्षकांची हयगय नाही आणि आईची उदासीनताही नाही. उणीव आहे ती सरावाच्या रीतीत. या रीतीचा खरा तोटा चार गुणांपुरता मर्यादित राहत नाही. ज्या शब्दाखाली लाल रेघ येते तो शब्द मूल पुढे टाळू लागते. 'विहीर' लिहिताना चूक होते म्हणून ते 'आड' लिहिते आणि 'आशीर्वाद' जमत नाही म्हणून ते वाक्यच सोडून देते. बोलताना शेकडो शब्द सहज वापरणारे मूल कागदावर मूठभर शब्दांत अडकून पडते. पुढे अर्ज, तक्रार, ठराव, पत्र असे काही लिहावयाची वेळ आली म्हणजे तेच मूल, आता मोठे झालेले, दुसऱ्याच्या हाती लेखणी देते. शुद्धलेखनाच्या सरावाचा विचार या दृष्टीने करावयास हवा.

चूक कोठे होते?

मराठी भाषा देवनागरी लिपीत बोलल्याप्रमाणे लिहिली जाते, असे सामान्यतः म्हटले जाते. पुष्कळ अंशी ते खरेही आहे. 'कमळ', 'सागर', 'डोंगर' हे शब्द ऐकून लिहिणाऱ्या मुलाची सहसा चूक होत नाही. परंतु ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न आला की कान पुरेसा पडत नाही. 'माहिती' या शब्दातील 'हि' ऱ्हस्व आणि 'ती' दीर्घ आहे, हे रोजच्या बोलण्यात स्पष्ट ऐकू येईलच असे नाही. जुन्या काळी व्यवहारात वापरल्या जाणाऱ्या मोडी लिपीत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद सहसा पाळला जात नसे आणि तरीही हिशेब, पत्रे, सनदा यांचा कारभार चालत असे. मुलांना जेथे अडखळावयास होते, तेथे मोठ्यांचीही लेखणी थबकते, ती यामुळेच.

आज शाळेत शिकविले जाणारे लेखनाचे नियम मराठी साहित्य महामंडळाने तयार केले व महाराष्ट्र शासनाने ते १९६२ मध्ये मान्य केले. प्रारंभी ते चौदा होते. १९७२ मध्ये आणखी चार नियमांची भर पडून त्यांची संख्या अठरा झाली. या नियमांनी लेखन पूर्वीपेक्षा सोपे केले. उच्चारात नसलेले अनुस्वार त्यांनी गाळले. म्हणूनच आजोबांच्या जुन्या वहीत 'नांव', 'गांव', 'पांच' असे लिहिलेले आढळते आणि नातवाच्या पुस्तकात 'नाव', 'गाव', 'पाच' असे असते. आजोबांचे लेखन अशुद्ध नव्हते. ते आधीच्या नियमांप्रमाणे होते. घरात असा फरक दिसला तर तो मुलाला समजावून सांगावा. भाषेच्या लेखनाला इतिहास असतो, ही गोष्ट त्यातून मुलाला सहज कळते.

या नियमांकडे पाहताना एक गोष्ट लक्षात येते. मराठीतील बहुसंख्य अवघड वाटणारे शब्द सुटे सुटे पाठ करावयाचे नसून ते थोड्या ओळखीच्या नमुन्यांत बसणारे आहेत. हा नमुना मुलाच्या नजरेस आला म्हणजे एका शब्दाबरोबर वीस शब्द सुधारतात. दहा वेळा लिहून काढल्याने मात्र फार तर एकच शब्द हाती लागतो. घरातील खेळांचा उपयोग आहे तो हा नमुना मुलाला स्वतः शोधता यावा यासाठी.

डब्यांवरची नावे

या शोधासाठी उत्तम जागा म्हणजे स्वयंपाकघरातील फळी. तेथील डब्यांत काय असते? गूळ, मीठ, पीठ, तूप, मूग, तूर, तीळ. हे सातही शब्द दोन अक्षरी आहेत, अखेरचे अक्षर अकारान्त आहे आणि त्याच्या आधीची वेलांटी किंवा उकार दीर्घ आहे. मराठी लेखनाचा एक महत्त्वाचा नियम हाच आहे : अकारान्त शब्दातील उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरे, अक्षर इकारयुक्त किंवा उकारयुक्त असेल तर ते दीर्घ लिहावे. फूल, मूल, सून, गरीब, वकील, विहीर, जमीन, बहीण हे शब्द याच नमुन्याचे आहेत.

मुलाने कागदाच्या पट्ट्यांवर ही नावे लिहावी आणि डब्यांना चिकटवावी. दुसऱ्या दिवशी आईने स्वयंपाक करताना मुलाला विचारावे : "हा खडा कशाचा?" मूल म्हणेल, "गुळाचा." "चिमूटभर कशाची?" "मिठाची." "भाकरी कशाची?" "पिठाची." ही उत्तरे पट्टीच्या दुसऱ्या बाजूला लिहावयाची. आता दोन्ही बाजू शेजारी ठेवून पाहिल्या की फरक मुलाला दिसतो. गूळ–गुळाचा, मीठ–मिठाची, पीठ–पिठाची, तूप–तुपात, मूग–मुगाची, तूर–तुरीची, तीळ–तिळाचा. शब्दाला प्रत्यय लागला की मधला दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो. संक्रांतीच्या सणात 'तीळ' आणि 'गूळ' एकत्र येऊन 'तिळगूळ' होतो; त्यात 'ति' ऱ्हस्व झाली, पण 'गू' शेवटून दुसऱ्या जागी असल्यामुळे दीर्घच राहिला. हे मुलाने एकदा स्वतः ओळखले की नियम पाठ करण्याची गरज उरत नाही.

फळीवरचे इतर डबे दुसरे नमुने शिकवितात. 'मिरची', 'जिरे', 'साबुदाणा', 'खिचडी' यांत शेवटचे अक्षर दीर्घ आहे आणि आधीचे इकार-उकार ऱ्हस्व आहेत. 'चिंच', 'हिंग', 'डाळिंब' यांत अनुस्वाराच्या आधीची वेलांटी ऱ्हस्व आहे. 'कुस्ती', 'पुष्कळ', 'दुष्काळ' या शब्दांत जोडाक्षराच्या आधीचा उकारही तसाच ऱ्हस्व असतो. शेतकऱ्याच्या घरी आणखी दोन शब्द रोज कानावर पडतात. 'ऊस' आणि 'उसाचा' ही जोडी गुळाच्याच नमुन्याची आहे. 'कापूस' मात्र 'कापसाचा' होतो. तेथे उकार नाहीसाच होतो. 'लाकूड–लाकडाचा', 'माणूस–माणसाला', 'बेरीज–बेरजेत' या त्याच्या जोडीदारांची यादी मुलांनी स्वतः वाढवावी.

आठवडी बाजाराच्या दिवशी सामानाची यादी मुलाकडून लिहून घ्यावी. या यादीला खरा उपयोग असतो, म्हणून ती मुले मनापासून लिहितात. एस.टी.च्या प्रवासात गाड्यांच्या पाट्या वाचाव्या. सोलापूर, नागपूर, कोल्हापूर, चंद्रपूर, पंढरपूर या सर्व नावांत 'पू' दीर्घ आहे. परंतु गाडी तेथे पोहोचली म्हणजे प्रवासी सोलापुरात, नागपुरात, पंढरपुरात उतरतो. आपल्या गावाचे नाव अशा रीतीने बदलते का, हे तपासण्यात मुलांना विशेष गंमत वाटते.

घरचे शब्द आणि पाहुणे शब्द

नियम लक्षात आल्यावर चाणाक्ष मूल लवकरच अडचण काढील. 'गुण', 'सुख', 'विष', 'मधुर', 'मंदिर' हे शब्दही अकारान्त आहेत; मग त्यांत ऱ्हस्व का? 'शरीर' या शब्दाचे 'शरिरात' न होता 'शरीरात' का होते? 'परीक्षा' या शब्दात जोडाक्षराच्या आधी दीर्घ 'री' कशी? या प्रश्नांचे उत्तर असे की हे शब्द संस्कृतातून जसेच्या तसे मराठीत आले आहेत. व्याकरणात त्यांना तत्सम शब्द म्हणतात. ते आपले मूळचे ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून असतात.

लहान मुलांसाठी 'तत्सम' ही संज्ञा जड आहे. त्यांच्यासाठी दोन रिकामे डबे घ्यावे. एकावर 'घरचे शब्द' आणि दुसऱ्यावर 'पाहुणे शब्द' असे लिहावे. नमुन्यात बसणाऱ्या शब्दाची चिठ्ठी पहिल्या डब्यात व न बसणाऱ्या शब्दाची दुसऱ्या डब्यात टाकावयाची. पाहुण्यांच्या सवयी लक्षात ठेवाव्या लागतात, घरच्यांच्या आपोआप कळतात, एवढे सांगितले म्हणजे पुरते. पाठांतराचे कष्ट केवळ दुसऱ्या डब्यापुरते उरतात आणि तो डबा पहिल्यापेक्षा लहान आहे, हे पाहून मुलाचा धीर वाढतो.

पाहुण्यांनाही एक नियम मात्र पाळावा लागतो. शब्दाच्या अखेरीस आलेला इकार किंवा उकार मराठीत दीर्घ लिहावयाचा असतो : कवी, गुरू, शत्रू, कृती, बुद्धी. तोच शब्द समासात पुढे गेला की पुन्हा ऱ्हस्व होतो : कविराज, गुरुदक्षिणा, शत्रुपक्ष, कृतिशील, बुद्धिमान. 'आणि', 'परंतु', 'तथापि' यांसारखे थोडे शब्द याला अपवाद आहेत. ते दाराच्या चौकटीवर एका कागदावर लिहून लावावे. येता-जाता दृष्टीस पडणारे शब्द फारसे प्रयास न करता स्मरणात राहतात.

काही पाहुण्यांचे लेखन त्यांची जोडणी सोडवून पाहिली की स्पष्ट होते. 'महत्' आणि 'त्व' मिळून 'महत्त्व' होते. 'तत्' आणि 'त्व' मिळून 'तत्त्व'. दोन्ही ठिकाणी 'त' दोनदा येतो. 'नेतृत्व' या शब्दात मात्र 'नेतृ' आणि 'त्व' असल्यामुळे एकच 'त' येतो. शब्दाचे असे तुकडे दोन चिठ्ठ्यांवर लिहून ते जोडण्याचा खेळ पाचवी-सहावीतील मुलांना आवडतो.

ताटातील धूळपाटी

पूर्वीच्या पंतोजींच्या शाळांत लाकडी फळीवर बारीक धूळ पसरून तीवर काडीने किंवा बोटाने अक्षरे गिरविली जात. या धूळपाटीला खर्च नव्हता आणि चुकीची खूणही उरत नसे. हात फिरविला की पाटी कोरी होई. युरोपात मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ मध्ये रोम येथे सुरू केलेल्या बालगृहात मुले खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवून त्यांचे वळण शिकत असत. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे व पुढे कोसबाड येथे, म्हणजे त्या वेळच्या ठाणे आणि आजच्या पालघर जिल्ह्यात, बालशिक्षणाचे जे कार्य केले त्यात पाने, बिया, शिंपले, काड्या, माती अशा परिसरातील वस्तूंनाच शैक्षणिक साधने बनविले होते. विकत आणलेल्या साधनावाचून शिक्षण अडत नाही, हे त्या कार्याने दाखवून दिले.

घरी एका ताटात बारीक रेती, राख किंवा कोंडा पसरला की धूळपाटी तयार होते. त्यावर बोटाने मोठ्या आकारात शब्द लिहावयाचा. वेलांटी कोणत्या बाजूने आली, पहिली की दुसरी, हे बोटाला आणि डोळ्यांना एकाच वेळी कळते. ज्या मुलाला वहीतील चुकीची धास्ती वाटते ते मूल ताटात निर्धास्तपणे लिहिते. कारण ताट हलविले की चूक नाहीशी होते. चिंचोके, ज्वारीचे दाणे किंवा खडे यांनी अक्षरे मांडणे हाही याच जातीचा खेळ होय.

पाहणे, झाकणे, लिहिणे, ताडून पाहणे

घरच्या सरावाचा मुख्य डाव चार पायऱ्यांचा आहे. चिठ्ठीवरील शब्द प्रथम नीट पाहावयाचा. मग चिठ्ठी झाकावयाची. मग शब्द आठवून लिहावयाचा आणि शेवटी चिठ्ठी उघडून ताडून पाहावयाचे. शब्द समोर ठेवून दहा वेळा उतरविताना मनाला काहीच आठवावे लागत नाही. झाकून लिहिताना प्रत्येक वेळी आठवावे लागते आणि आठवण्याच्या या श्रमानेच स्मरण पक्के होते. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्मरणासंबंधी आपले प्रयोग प्रसिद्ध केले. शिकलेले बरेचसे आरंभीच्या थोड्या काळातच विसरले जाते आणि एकाच बैठकीत अनेकदा केलेल्या उजळणीपेक्षा अंतरा-अंतराने केलेली उजळणी अधिक टिकते, असे त्यांना आढळून आले. पुढील संशोधनानेही त्याला पुष्टी दिली आहे. म्हणून एका दिवशी सहा ते आठ शब्द पुरेत. तेच शब्द दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा विचारावे. दररोज दहा-पंधरा मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागू नये आणि खेळ रंगात असतानाच थांबवावा.

या डावात लिहितावाचता न येणारी आईही पूर्ण भाग घेऊ शकते. चिठ्ठीच्या एका बाजूस मुलाने शब्द लिहावा आणि दुसऱ्या बाजूस त्या वस्तूचे चित्र काढावे. आईने चित्र पाहून शब्द उच्चारावा : "विहीर". मुलाने तो ताटात लिहावा. मग आईने चिठ्ठी उलटून ताटाशेजारी ठेवावी आणि दोन्ही आकृत्या सारख्या दिसतात का, ते पाहावे. जिला रांगोळीचे ठिपके मोजता येतात, नक्षीतील एक रेघ चुकली तर ओळखता येते, तिला वेलांटी उजवीकडे आहे की डावीकडे, हे निश्चित ओळखता येईल. फरक कोठे आहे, ते तिने बोटाने दाखवावे. का आहे, ते मुलाने तिला सांगावे. दुसऱ्याला समजावून सांगताना मुलाचे स्वतःचे ज्ञान पक्के होते. मूळ चिठ्ठी मात्र शाळेत शिक्षकांनी पाहिलेली असावी, म्हणजे चुकीचा शब्द पाठ होण्याचा धोका राहत नाही.

अंगणातील खेळ

मुलांना बसून कंटाळा आला की हाच सराव अंगणात न्यावा. 'डोंगर का पाणी' हा खेळ सर्वांना ठाऊक आहे. त्याच धर्तीवर 'ऱ्हस्व का दीर्घ' खेळता येतो. जमिनीवर दोन मोठी वर्तुळे आखावी. सांगणाऱ्याने "फूल" म्हटले की मुलांनी दीर्घाच्या वर्तुळात उडी घ्यावी. "फुलाला" म्हटले की ऱ्हस्वाच्या. "मूल", "मुलाला", "बहीण", "बहिणीला" असे शब्द भराभर येऊ लागले की खेळाला रंग चढतो. चुकणाऱ्याने बाद न होता पुढचा शब्द सांगावा. जो चुकतो त्यालाच सरावाची अधिक गरज असते. त्याला खेळाबाहेर बसविण्यात काय अर्थ?

भेंड्यांचा खेळ गाण्यांऐवजी लिहिलेल्या शब्दांनी खेळावा. एकाने लिहिलेल्या शब्दाच्या शेवटच्या अक्षराने दुसऱ्याने शब्द लिहावयाचा. 'कमळ' किंवा 'लसूण' आला की सर्वजण अडतात. कारण नेहमीच्या वापरातील मराठी शब्द 'ळ' किंवा 'ण' या अक्षरांनी सुरू होत नाहीत. तेव्हा अनुक्रमे 'ल' आणि 'न' घ्यावे. ही गंमत एकदा कळली की ती मुले विसरत नाहीत.

'र' या अक्षराच्या रूपांचा शोध हा तिसरा खेळ. 'सूर्य' या शब्दात तो अक्षराच्या डोक्यावर बसतो, 'चक्र' या शब्दात पायाशी येतो, 'राष्ट्र' या शब्दात 'ट'च्या खाली वेगळेच रूप घेतो आणि 'दऱ्या' या शब्दात मध्येच आडवा होतो. जुन्या वर्तमानपत्राच्या एका पानावर कोणाला किती रूपे सापडतात, याची चढाओढ लावावी. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. 'आचार्यांना' वंदन करावयाचे असते आणि 'आचाऱ्यांना' स्वयंपाक सांगावयाचा असतो. अशा जोड्यांची चित्रे काढून त्यांखाली योग्य शब्द लिहावयास सांगावे. 'दिन' आणि 'दीन', 'शिर' आणि 'शीर', 'सुत' आणि 'सूत', 'वेल' आणि 'वेळ', 'मन' आणि 'मण' या जोड्याही तशाच. एका खुणेने अर्थ कसा बदलतो, हे दिसले म्हणजे शुद्धलेखन हा केवळ शिक्षकांचा हट्ट नाही, अशी मुलांची खात्री पटते.

याखेरीज दाराशी एक निरोपाची पाटी टांगावी. "मी शेतावर गेलो आहे", "दूध तापवून ठेवले आहे" असे निरोप मुलांनी तिच्यावर लिहावे. वडील ऊसतोडीसाठी, नोकरीसाठी किंवा मजुरीसाठी दूर असतील तर त्यांना पत्र लिहावे. मोबाईलवरून संदेश पाठवावयाचा असेल तर तो आधी कागदावर लिहून मग देवनागरीत टाइप करावा. कारण यंत्र पुढचा शब्द सुचविते तेव्हा मुलाला आठवण्याची संधी उरत नाही.

बोली आणि लेखन

घरात अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी किंवा अन्य बोली बोलली जात असेल तर मुलाच्या लेखनात तिचे पडसाद उमटणारच. 'पानी' म्हणणारे मूल 'पानी' असेच लिहील. त्याला हसू नये आणि त्याच्या घरची भाषा अशुद्ध आहे, असे तर कधीही म्हणू नये. बोलीला स्वतःचे व्याकरण व स्वतःचा शब्दसाठा असतो. लेखनाची प्रमाण रीत ही निरनिराळ्या भागांतील लोकांना एकमेकांचे लिहिणे सुलभतेने वाचता यावे यासाठी केलेली सोय आहे. "आपण घरी असे म्हणतो, पुस्तकात असे लिहितो" एवढेच सांगून दोन्ही रूपे शेजारी शेजारी लिहावी. घरच्या बोलीविषयी मुलाच्या मनात लाज उत्पन्न झाली तर ते प्रमाण भाषा शिकण्याऐवजी लिहिणेच टाळू लागते.

चूक दाखविण्याचीही एक रीत आहे. मुलाने 'परिक्षा' लिहिले असेल तर त्याचे बाकी सर्व बरोबर असून केवळ एक वेलांटी बदलावयाची आहे. "शब्द चुकला" असे म्हणण्याऐवजी "यातील एकच खूण बदलावयाची आहे, ती शोध" असे म्हणावे. मुलाने स्वतःचा अनुभव लिहून आणला असेल तर तो प्रथम अखेरपर्यंत वाचावा, त्यातील मजकुराविषयी बोलावे आणि नंतरच दोन-तीन शब्दांकडे वळावे. मोठे लिहिणाऱ्याच्या चुका अधिक होणार आणि चारच ओळी लिहिणाऱ्याच्या कमी, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

शाळा आणि ग्रामपंचायत

केंद्र शासनाने ५ जुलै २०२१ रोजी सुरू केलेल्या निपुण भारत अभियानात, तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजपूर्वक वाचता-लिहिता यावे आणि अंकज्ञान व्हावे, असे उद्दिष्ट ठेवण्यात आले व त्यासाठी २०२६-२७ हे वर्ष ठरविण्यात आले. शाळेच्या तासांत सर्व मुलांकडे सारखे लक्ष देणे शिक्षकांना अवघड जाते. घराची साथ तेथे मोलाची ठरते. ती मिळविण्यासाठी शिक्षकांना एक सोपा बदल करता येईल. आठवड्याचे शब्द धड्यातून सरसकट निवडण्याऐवजी ते नमुन्याप्रमाणे निवडावे. एका आठवड्यात गूळ–गुळाचा या जातीचे सहा शब्द आणि दोन पाहुणे, दुसऱ्या आठवड्यात 'र'च्या रूपांचे शब्द, असा क्रम ठेवला म्हणजे घरच्या खेळाला दिशा मिळते.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य आई-वडील किंवा पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. स्थानिक प्राधिकरणाचे निवडून आलेले प्रतिनिधीही समितीत असतात. या समितीच्या सभेत बांधकाम आणि पोषण आहार यांबरोबरच अर्धा तास या खेळांच्या प्रात्यक्षिकाला द्यावा. लिहितावाचता न येणाऱ्या एखाद्या मातेने सर्वांसमोर चिठ्ठीचा डाव खेळून दाखविला तर भाषणापेक्षा त्याचा परिणाम अधिक होईल.

ग्रामपंचायतींनीही आपल्या दारातील फलकांकडे पाहावे. मुले चालता-फिरता जे वाचतात तेच त्यांच्या डोळ्यांत ठसते. शाळेच्या वाटेवरील सूचनाफलकावर, पाण्याच्या टाकीवर किंवा बसथांब्यावर चुकीचे शब्द रंगविलेले असतील तर वर्गातील शिकवण दररोज दोनदा पुसली जाते. रंगाऱ्याकडे मजकूर देण्यापूर्वी तो शाळेतील शिक्षकांकडून तपासून घेण्यास काहीच खर्च येत नाही. चौथी-पाचवीतील मुलांना वही घेऊन गावातून फिरवावे आणि दुरुस्त करावयाच्या फलकांची यादी त्यांच्याकडूनच करवून घ्यावी. ती यादी ग्रामपंचायतीच्या सभेपुढे यावी व त्यातील एक तरी फलक नव्याने रंगविला जावा. आपल्या लेखनाने गावातील एक गोष्ट दुरुस्त झाली, हा अनुभव मुलांना पुढे जन्मभर पुरेल.

प्रारंभी वर्णिलेल्या मुलीच्या घरी या सर्वांतील एकच गोष्ट आरंभिली तरी चालण्यासारखे आहे : डब्यांवरील पट्ट्या. काही दिवसांनी तिच्या वहीतील 'गूळ' आणि 'मीठ' सुधारलेले दिसतील. त्या पट्ट्या रोज हाताखालून जात असल्यामुळे चुलीपाशी असलेली तिची आईही 'मीठ' आणि 'पीठ' यांतील पहिले अक्षर निराळे व दुसरे सारखे आहे, हे ओळखू लागेल. मुलीच्या सरावासाठी लिहिलेल्या या सात नावांपासून आईच्याही अक्षरओळखीला प्रारंभ होऊ शकतो.